तक्रार कोणी केली हे सॉफ्टवेअरला माहीत असतं

कौलारू

मंडळी, जरा कामाचा धागा काढतोय. गप्पांसाठी नाही, खरंच अडलोय.

अमेरिकेतल्या एका मध्यम शहराच्या आयटी खात्यात मी नोकरीला आहे. आमच्या कोड एन्फोर्समेंट खात्याचा सगळा कारभार आजवर तळघरातल्या एका जुन्या सर्व्हरवर चालायचा. ज्यांचा या खात्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो: गुडघाभर वाढलेलं गवत, अंगणात वर्षानुवर्षं सडत पडलेली मोटार, परवानगी न घेता मागे चढवलेली खोली, भाड्याच्या घरात भिंतीला आलेली बुरशी, असलं सगळं यांच्याकडे येतं. बहुतेक प्रकरणं शेजाऱ्याच्या नाहीतर भाडेकरूच्या तक्रारीवरून उभी राहतात. मग इन्स्पेक्टर जातो, फोटो काढतो, नोटीस लागते, मुदत मिळते, पुन्हा तपासणी होते, दंड होतो आणि दंड थकला की घरावर बोजा चढतो.

आता नगर परिषदेने ठरवलंय की हे सगळं वेंडरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या, क्लाउडवर न्यायचं. तीन कंपन्यांचे डेमो झाले. तिघांनीही एकच जादू दाखवली: तक्रारदाराच्या नावाशेजारी एक चौकोन, त्यात टिक केली की नाव गुप्त. साहेब खूश. मला म्हणाले, "बाकी प्रायव्हसीचं तू बघून घे."

बघून घे म्हणजे नेमकं काय बघू? वेंडरने दिलेल्या सुरक्षेच्या कागदांत एन्क्रिप्शन, फायरवॉल, दोन डेटासेंटर सगळं आहे. पण मला जी शंका खातेय तिच्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. शंका अशी की रागावलेल्या घरमालकाला तक्रार करणाऱ्याचं नाव कळायला हॅकर लागतच नाही.

दारावरची नोटीस

कौलारू, शंका अगदी रास्त आहे. मी नऊ वर्षं इन्स्पेक्टरचं काम केलंय, आता दुसऱ्या काउंटीत आहे.

त्या टिकेवर भरवसा ठेवू नका. टिक नावाचा रकाना झाकते, तक्रारीचा मजकूर झाकत नाही. आधीच्या ठिकाणी आमच्या पोर्टलवर प्रकरणाबरोबर तक्रारीचं वर्णनही दिसायचं. एका बाईंनी लिहिलं होतं, "मी समोरच्या घरात राहते, माझ्या मुलाला दमा आहे आणि ते रोज कचरा जाळतात." नावाला टिक केलेली होती! समोरच्या घरात दमा असलेलं मूल एकच. दुसऱ्याच दिवशी तो माणूस त्यांच्या दारात उभा. सिस्टिमच्या दृष्टीने गुप्तता शंभर टक्के पाळली गेली होती.

आणि अजून एक, जे कोणाच्या लक्षात येत नाही. लोक फोटो पाठवतात. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून, कुंपणावरून खाली बघत काढलेला फोटो. परसात उभा राहून मालकाने तो फोटो पाहिला की कुठल्या खिडकीतून काढलाय ते त्याला मान वर करून बघितलं की कळतं. मोबाइलचं लोकेशन फाइलमधून पुसता येतं, फोटोचा कोन कसा पुसणार?

खडूस

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक, एवढं एक वाक्य साहेबांच्या टेबलावर छापून ठेवा. तळघरातला सर्व्हर तळघरातच राहू दे. चावी आपल्या खिशात असलेली बरी.

पोर्ट ८०८०

खडूसराव, ही चावी आपल्या खिशात असल्याची समजूतच महागात पडते.

क्लिक-टू-गव्ह आठवतंय का? अमेरिकेतल्या शेकडो छोट्या शहरांत पाणीपट्टी, परवाने, दंड ऑनलाइन भरायला ते पोर्टल वापरायचे. २०१७पासून त्यातून कार्डांचे नंबर चोरीला जायला लागले. डिसेंबर २०१८मध्ये जेमिनी अॅडव्हायझरी या सायबर-चोऱ्यांचा माग काढणाऱ्या कंपनीने हिशेब मांडला तेव्हा किमान ४६ शहरं आणि २,९४,९२९ कार्डांच्या नोंदी निघाल्या. त्या लाटेत फटका बसला तो ज्या शहरांनी हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं होतं त्यांना. कंपनीने स्वतः होस्ट केलेल्या ग्राहकांना नाही. कारण साधं आहे. छोट्या शहरात आयटी म्हणजे दोन माणसं, त्यातला एक प्रिंटर दुरुस्त करत फिरत असतो. सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणारे पॅच कोण लावणार?

बाल्टिमोर तर छोटं शहरही नाही. ७ मे २०१९ला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, घुसलं. खंडणी मागितली १३ बिटकॉइन, तेव्हाच्या भावाने साधारण ७६ हजार डॉलर. शहराने दिली नाही, आणि ते योग्यच केलं, पण एकूण फटका १.८ कोटी डॉलरच्या घरात गेला. घरांची खरेदी-विक्री काही दिवस ठप्प झाली, कारण घरावर शहराची किती थकबाकी आहे हेच तपासता येईना.

खडूस

मान्य. पण होस्टेडवाल्यांची कुंडलीही बघा. २०२१मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपनीच्या ८०हून जास्त एस-थ्री बकेट (अॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या साठवणीच्या जागा) उघड्या सापडल्या होत्या, आत कितीतरी नगरपालिकांचे परवाने आणि मालमत्तेचे कागद. पासवर्ड फोडायची गरजच नव्हती, पासवर्डच नव्हता. एका शहराची चूक असती तर एकच शहर उघडं पडलं असतं. इथे एकाच्या निष्काळजीपणाने सगळी गल्ली उघडी.

पोर्ट ८०८०

यावर वाद नाही. म्हणूनच मी "क्लाउड सुरक्षित" असं म्हणत नाहीये. तळघरात चूक तुमची असते आणि क्लाउडमध्ये चूक तुम्हाला दिसत नाही, एवढाच फरक.

कलम चौथे

वकील आहे, नगरपालिकांचंच काम करते. सर्व्हर कुठे ठेवायचा यावर तुम्ही दोघे संध्याकाळपर्यंत भांडा, पण कौलारूंचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तक्रारदाराचं नाव लपवायचा हक्क तुमच्या शहराला आहे का? ते राज्यागणिक बदलतं, आणि वेंडर मात्र पन्नास राज्यांना तीच टिक विकतो.

दोन टोकं सांगते.

फ्लोरिडात १ जुलै २०२१पासून कायदाच आहे की निनावी तक्रारीवरून इन्स्पेक्टरने चौकशी सुरू करायची नाही. तक्रारदाराने नाव आणि पत्ता दिलाच पाहिजे. अपवाद फक्त लोकांच्या आरोग्याला-सुरक्षिततेला तातडीचा धोका असेल किंवा प्राण्या-पक्ष्यांचा अधिवास, संवेदनशील निसर्ग नष्ट व्हायला आला असेल तर. सूडबुद्धीच्या तक्रारी थांबाव्यात हा हेतू. पण त्याच राज्यात सरकारी कागद पाहायचा हक्क राज्यघटनेतच आहे. म्हणजे एका कायद्याने नाव द्यायला लावायचं आणि दुसऱ्या कायद्याने ते मागेल त्याला द्यायचं. तिथे "गुप्त"ची टिक म्हणजे नागरिकाची निव्वळ फसवणूक.

दुसरं टोक कॅलिफोर्निया. सॅन होजे विमानतळाच्या आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्यांची नावं, पत्ते, फोन एका वर्तमानपत्राने मागितले होते. १९९९मध्ये अपील कोर्टाने शहराची बाजू घेतली: शहर तक्रारींवर काय करतं हे जनतेला कळायला हवं, पण त्यासाठी तक्रार कोणाची हे कळायची गरज नाही. शिवाय तिथल्या पुराव्याच्या कायद्यात खबर देणाऱ्याची ओळख राखून ठेवायची तरतूदही आहे.

कौलारू, तुमचं राज्य कोणतं?

कौलारू

फ्लोरिडा नाही एवढंच सांगतो. निनावी तक्रार आमच्याकडे चालते. पण आमच्या तक्रारीच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात "आपले नाव गुप्त ठेवले जाईल" असं छापलेलं आहे, ते कोणत्या कलमाच्या जोरावर हे आज तीन जणांना विचारलं. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

कलम चौथे

मग सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी ती ओळ तपासा. पाळता येणार नाही असं वचन फॉर्मवर नको.

आणि एक अवांतर, पण फार अवांतर नाही. माझं टोपणनाव ज्यावरून आहे ती अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती, सरकारी झडतीला लगाम घालणारी, इथे कामाला येते. १९६७च्या कॅमारा खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरमालकाने किंवा भाडेकरूने नकार दिला तर हाउसिंग इन्स्पेक्टरलाही वॉरंट लागतं. प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोचं. त्यामुळे आजही बहुतेक तपासण्या "या, बघा" अशा संमतीने होतात. आता विचार करा. भाडेकरू बाईने बुरशी दाखवायला इन्स्पेक्टरला न्हाणीघरात घेतलं. त्याने फोटो काढले. फोटोत बुरशी आहे, तशी फळीवरची औषधंही आहेत आणि आरशावर चिकटवलेलं मुलाच्या शाळेचं वेळापत्रकही. तिने संमती दिली ती एका माणसाला, एकदा आत यायची. ते फोटो मोबाइल अॅपमधून थेट वेंडरच्या सर्व्हरवर गेले, तिथून बॅकअपमध्ये, आणि पोर्टलची मांडणी चुकली तर घरमालकाच्या स्क्रीनवर. या सगळ्याला तिची संमती कोणी विचारली?

झुडूप

मागे कुठेतरी ड्रोनचा खटला झाला ना? भंगारवाल्याच्या आवारावर ड्रोन उडवला म्हणून?

कलम चौथे

मिशिगन, लाँग लेक टाउनशिप. टाउनशिपने वॉरंट न घेता ड्रोनने फोटो काढले होते. मे २०२४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रोन उडवणं घटनाबाह्य होतं का, या प्रश्नाला हातच घातला नाही. म्हणाले, झडती बेकायदा असली तरी असल्या दिवाणी कारवाईत तो पुरावा बाद होणार नाही. आता फोटो काढणं सोपं झालं, म्हणजे सर्व्हरवरचा ढीग वाढणार. बाकी ड्रोनसाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

रात्रपाळी

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहावंसं वाटलं.

मी अशाच एका सॉफ्टवेअरच्या सपोर्टला आहे, भारतातून. कंपनीचं नाव विचारू नका. अमेरिकेत दुपार असते तेव्हा आमची रात्र. तिथल्या एखाद्या शहराचा क्लार्क तिकीट, म्हणजे मदतीची मागणी, टाकतो, "नोटीस छापताना चुकीचा पत्ता येतोय." चूक शोधायला आम्हाला डेटा लागतो. मग काय होतं? शहराच्या खऱ्या डेटाबेसची कॉपी टेस्ट सर्व्हरवर उतरवली जाते. त्या कॉपीत टिक असते, पण टिक पाळणारा पडदा नसतो, कारण आम्ही थेट टेबल बघतो. मला एका शहरातल्या लोकांची एकमेकांबद्दलची सगळी गाऱ्हाणी माहीत आहेत. त्यांना मी माहीत नाही.

आमच्याकडे कोणी वाईट हेतूने काही केल्याचं मी पाहिलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ती कॉपी कधी पुसायची याचा नियम मी रुजू झालो तेव्हा नव्हता. तिकीट बंद व्हायचं, कॉपी तशीच राहायची. नंतर नावं, फोन, ईमेल बदलून कॉपी द्यायची पद्धत आली. तरी वर्णनाचा रकाना तसाच येतो, कारण मोकळ्या मजकुरातून नावं काढणं कोणाला जमत नाही. वर नोटीससाहेबांनी लिहिलंय तीच गोष्ट, फक्त पडद्यामागून.

आणि "आमचा डेटा अमेरिकेबाहेर जात नाही" हे वाक्य नीट ऐका. डेटा ठेवलेला तिथेच असतो. बघणारा कुठून बघतो याबद्दल ते वाक्य काहीच म्हणत नाही.

पोर्ट ८०८०

हे खरं सोनं आहे. कौलारू, हा प्रतिसाद छापून घ्या.

एक विचारतो, भारताचा नवा डेटा कायदा यात कुठे बसतो का?

रात्रपाळी

२०२३च्या डीपीडीपी, म्हणजे वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या, कायद्यात आमच्यासारख्यांसाठी सूट आहे. परदेशी पार्टीशी करार करून परदेशातल्या लोकांचा डेटा इथे हाताळला तर संमती घेणं, हक्क देणं वगैरे बहुतेक गोष्टी लागू होत नाहीत. डेटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी मात्र सुटत नाही. म्हणजे त्या बाईने इथल्या कायद्याखाली मला काही विचारावं अशी सोय नाही. जे काही संरक्षण आहे ते शहर आणि वेंडर यांच्या करारात लिहिलं असेल तेवढंच.

खडूस

घ्या. चावी कोणाच्या खिशात आहे ते कळलं ना?

उंबरठा

मी शहरांचा खुला डेटा घेऊन नकाशे करते. तुम्ही सगळे तक्रारदाराबद्दल बोलताय. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोही माणूसच आहे की.

करारांमध्ये "वैयक्तिक माहिती"ची जी व्याख्या असते तिच्यात बहुधा नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर, बँक खातं असतं. घराचा पत्ता बऱ्याचदा नसतो, कारण मालमत्तेची माहिती सार्वजनिकच मानतात. पण कोड एन्फोर्समेंटमध्ये सगळं पत्त्यावरच तर उभं असतं. "अमुक पत्ता, छप्पर गळतंय, गवत वाढलंय, दंड थकलाय, तीन वर्षांत पाच नोटिसा." हे वाचून त्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे हे कळायला नाव कशाला हवं? पडेल भावाने घरं घेऊन पुढे विकणारे नेमक्या याच याद्या मागतात, रेकॉर्ड्स रिक्वेस्ट (सरकारी कागद मागायचा अर्ज) टाकून. नोटीस लागली की आठवड्याभरात "तुमचं घर रोखीने विकत घेतो" अशी पत्रं पडायला लागतात. ते कायदेशीर आहे, शहराला यादी नाकारता येत नाही. पण वेंडरच्या करारात "ओळख काढून टाकलेला एकत्रित डेटा कंपनी वापरू शकेल" असं एक कलम दडलेलं असतं, ते नक्की वाचा. पत्ता ठेवून नाव काढलं की ओळख निघून गेली असं त्यांचं म्हणणं असतं.

आणि पत्ते सगळे सारखे नसतात. घरगुती हिंसेतून सुटून आलेल्यांचा पत्ता लपवायच्या योजना आहेत, वॉशिंग्टन राज्याने १९९१मध्ये पहिली सुरू केली. अशी बाई भाड्याच्या घरात राहायला आली आणि तिने हीटर चालत नाही म्हणून तक्रार केली, तर "भाडेकरूचं नाव" हा रकाना आणि प्रकरणाचा पत्ता एकाच स्क्रीनवर आले. फ्लोरिडात पोलिस, न्यायाधीश वगैरेंच्या घरच्या पत्त्यालाही सूट आहे. वेंडरला विचारा, एखादा पत्ताच झाकायचा असेल तर तुमचा नकाशा तो ठिपका दाखवायचं थांबवतो का? मी दोघांना विचारलं होतं. एकाने ठिपका काढला, पण शोधपेटीत पत्ता टाइप केला की प्रकरण आपोआप सुचवत होता.

दारावरची नोटीस

गाड्यांचं राहिलं. बेवारस गाडीचा मालक शोधायला आम्ही मोटार वाहन खात्याच्या नोंदी बघतो. ती माहिती १९९४च्या फेडरल कायद्याखाली येते, ड्रायव्हर्स प्रायव्हसी प्रोटेक्शन अॅक्ट. कामासाठी वापरता येते, पुढे वाटता येत नाही, आणि उल्लंघन सिद्ध झालं तर माणशी किमान २,५०० डॉलर मागता येतात. इलिनॉयमधल्या पॅलेटाइन गावात पार्किंगच्या पावतीवर मालकाचं नाव-पत्ता, वजन-उंचीसुद्धा छापून काचेवर लावत होते. एकाने खटला भरला. २०१२मध्ये फेडरल अपील कोर्टाने म्हटलं की काचेवर पावती लावणं म्हणजेही माहिती उघड करणं. २०१५मध्ये शेवटी निकाल गावाच्या बाजूने गेला, पण मधली वर्षं वकिलांची फी कोणी भरली? तर ही गाडीमालकाची माहिती प्रकरणाच्या सामान्य रकान्यात कोणी टाकली की ती बाकीच्या डेटासारखीच पोर्टल, रिपोर्ट, एक्स्पोर्ट सगळीकडे फिरते. वेगळा रकाना, वेगळी परवानगी हवी.

निविदाताई

खरेदी विभागात आहे, असले करार रोज वाचते. माझे दोन पैसे.

सगळे "सॉक २ रिपोर्ट आहे का" विचारतात आणि "आहे" ऐकून खूश होतात. सॉक २ म्हणजे बाहेरच्या ऑडिटरने केलेली डेटा-सुरक्षेची तपासणी. आधी बघा रिपोर्ट कोणाचा आहे. बऱ्याचदा एडब्ल्यूएसचा किंवा अझुरचा, म्हणजे ज्यांच्या क्लाउडवर वेंडर डेटा ठेवतो त्या अॅमेझॉनचा नाहीतर मायक्रोसॉफ्टचा, पुढे करतात. ती इमारत पक्की असल्याचा दाखला आहे, भाडेकरू दाराला कडी लावतो की नाही याचा नाही. वेंडरचा स्वतःचा हवा, आणि टाइप २ हवा. टाइप १ एका दिवसाचा फोटो असतो, टाइप २मध्ये काही महिने नियम खरंच पाळले का ते तपासतात. आणि मागचं ते कंटाळवाणं पान वाचा जिथे "ग्राहकाने करायच्या गोष्टी" लिहिलेल्या असतात. नोकरी सोडलेल्याचं खातं बंद करणं, कोणाला काय दिसावं ते ठरवणं, सगळं तुमच्या गळ्यात असतं. उद्या काही झालं की वेंडर तेच पान उघडून दाखवणार.

करारात मी काय घालायला लावते ते सांगते. डेटा शहराचा, हे तर सगळेच लिहितात. त्याच्यापुढे लिहा की उत्पादन सुधारायला किंवा एआय शिकवायला तो वापरायचा नाही, "एकत्रित" म्हणूनसुद्धा नाही. रात्रपाळींनी सांगितलंय ते मी "सपोर्ट अॅक्सेस" नावाच्या वेगळ्या परिशिष्टात टाकते: कोण, कोणत्या देशातून, कोणत्या तिकिटासाठी आत आला याची नोंद शहराला दिसली पाहिजे, आणि टेस्ट कॉपी तिकीट बंद झाल्यावर ठरलेल्या दिवसांत पुसून तसं लेखी कळवलं पाहिजे. गळती झाली तर किती तासांत सांगणार ते आकड्यात. "विनाविलंब" हा शब्द दिसला की मी पेन उचलते. युरोपात सरकारी नियामकाला कळवायला ७२ तास आहेत, तो आकडा दाखवला की निदान बोलणी सुरू होतात. रेकॉर्ड्स रिक्वेस्ट किंवा कोर्टाचं समन्स थेट वेंडरकडे आलं तर त्याने परस्पर उत्तर द्यायचं नाही, आधी शहराला कळवायचं.

शेवटी काडीमोडाचं कलम. करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात मिळणार? एका गावाला टेबलं मिळाली आणि फोटो मिळाले नाहीत, मिळाले तेव्हा फाइलींची नावं नुसते आकडे. कोणता फोटो कोणत्या प्रकरणाचा ते शोधायला दोन उन्हाळे गेले. आणि आपल्याला परत दिल्यावर त्यांच्याकडचा कधी पुसणार, बॅकअपसकट, हेही लिहून घ्या.

खडूस

ताई, तुमच्यापुढे मी टोपी काढतो.

जाता जाता, टिकेबद्दल ज्यांना अजून प्रेम आहे त्यांच्यासाठी: २०२२मध्ये कॅलिफोर्निया स्टेट बारचं, म्हणजे तिथल्या वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं, काय झालं ते बघा. वकिलांवरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांपैकी जी गोपनीय होती ती, पोर्टलच्या त्रुटीमुळे, कोर्टाच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका वेबसाइटवर जाऊन बसली. सुरुवातीला आकडा सांगितला २,६०,०००, नंतर मोजला तो ३,२२,५२५. वेबसाइटवाल्याने कुठलंही कुलूप तोडलं नव्हतं. सार्वजनिक आणि गोपनीय एकाच डब्यात, मधे नुसता पडदा. पडदा हलला.

कौलारू

पाच आठवड्यांनी परत आलोय. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही, म्हणून काय केलं तेच सांगतो.

दोन वेंडरांकडून चाचणीसाठी जागा मागून घेतली. त्यात एक खोटी तक्रार टाकली: तक्रारदाराचं नाव असं विचित्र निवडलं की कुठेही दिसलं तरी ओळखू यावं. टिक केली. मग आठवडाभर ते नाव शोधत बसलो, नागरिक म्हणून, घरमालक म्हणून, क्लार्क म्हणून, रिपोर्ट काढणारा म्हणून.

पहिल्या वेंडरकडे पोर्टलवर नाव नव्हतं. पण इन्स्पेक्टरला कॅलेंडरमध्ये भेटीचं निमंत्रण गेलं त्याच्या विषयात होतं. प्रकरणाचा "पूर्ण इतिहास" पीडीएफ काढला तर त्यात होतं, आणि हाच पीडीएफ आमच्या क्लार्क रेकॉर्ड्स रिक्वेस्टला जोडतात. वर काळी पट्टी मारली होती, पण खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी झाला. दुसऱ्याकडे पीडीएफ स्वच्छ निघाला, पण तक्रारदाराला गेलेल्या पोच-ईमेलमध्ये प्रकरणाची लिंक होती, आणि त्या लिंकच्या शेवटचा आकडा एकने वाढवला तर पुढच्या माणसाची पोच उघडली. नावासकट. लॉगिन न करता.

हे साहेबांना त्यांच्याच फोनवर करून दाखवलं. पाच मिनिटं कोणी बोललं नाही.

पहिल्याने सगळं लेखी मान्य करून दुरुस्त करून दिलं, दुसरा म्हणाला पुढच्या आवृत्तीत बघू. पहिल्याशी करार चाललाय. निविदाताईंचं परिशिष्ट जवळपास जसंच्या तसं घातलंय, फक्त सपोर्टच्या नोंदी आम्हाला थेट दिसण्याऐवजी महिन्याला रिपोर्ट मिळेल, त्यापुढे ते हटले नाहीत. शहराच्या वकिलांनी फॉर्मवरची "आपले नाव गुप्त ठेवले जाईल" ही ओळ काढली. आता लिहिलंय की नाव देणं ऐच्छिक आहे, दिलंत तर कायद्याने ते उघड करावं लागू शकतं, आणि वर्णनात स्वतःची ओळख पटेल असं काही लिहू नका. वर्णन पोर्टलवर दिसणं बंद. त्याऐवजी इन्स्पेक्टर यादीतून उल्लंघनाचा प्रकार निवडतो, तेवढाच दिसतो.

दारावरची नोटीस

छान केलंत. लिंकच्या आकड्याची गंमत आमच्याकडे आजच करून बघतो, देव करो आणि न उघडो.

फोटोंचं काय ठरलं?

कौलारू

तक्रारदाराचा फोटो प्रकरणाला जोडायचाच नाही असं ठरलं. इन्स्पेक्टर स्वतः रस्त्यावरून फोटो काढेल, पुरावा तोच. आलेला फोटो पुसून टाकायचा विचार होता, पण वकील म्हणाले, शहराकडे आला म्हणजे तो शहराचा कागद झाला, मुदत संपेपर्यंत ठेवावाच लागेल. म्हणून तो नव्या आलेल्या तक्रारींच्या वेगळ्या इनटेक फोल्डरमध्ये राहतो, चार जणांना दिसतो.

कलम चौथे

वकिलांचं बरोबर आहे. पण मग कोणी रेकॉर्ड्स रिक्वेस्टमध्ये "या पत्त्याबद्दल आलेले सर्व फोटो" असं मागितलं तर ते फोल्डरही शोधावं लागेल, हे क्लार्कना सांगून ठेवलंय ना? आणि रस्त्यावरून परसातलं दिसत नसेल तर?

कौलारू

पहिलं सांगितलंय. दुसऱ्याचं उत्तर अजून नाही. उद्या इन्स्पेक्टरांबरोबर बसतोय, कोणाला काही सुचलं तर रात्रीपर्यंत लिहा.